फॉर्म न भरलेल्या मुलांची गुणवत्ता

पेरण्या आटोपून डवरणी आणि निंदण सुरू झाले की यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या आमच्या भागात नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेच्या, फॉर्मचे दिवस येतात. पाचवीच्या वर्गशिक्षकापुढे दरवर्षी तेच प्रश्न असतात. कोणाचा फॉर्म भरायचा, कोणाच्या आईवडिलांना शाळेत बोलवायचे, आणि बोलावले तरी ते वावरातून येणार कधी? मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माझे मत असे झाले आहे, की हुशार मुलांसाठी चालवलेल्या योजना न्याय्य आहेत की नाहीत हे परीक्षेच्या दिवशी ठरत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी, भर पावसाळ्यात, कोणाचा फॉर्म भरला गेला आणि कोणाचा राहिला, यावरच ठरून गेलेले असते.

या योजनांविषयी मनात आकस ठेवून मी हे लिहीत नाही. उलट विदर्भाला त्यांचा अभिमान वाटावा असाच इतिहास आहे. नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ मध्ये दोन प्रायोगिक शाळांनी झाली. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, महाराष्ट्र शासनाने ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी निवासी विद्यानिकेतने काढली, आणि त्यांतली दोन, अमरावतीची आणि केळापूरची, विदर्भाच्या वाट्याला आली. आज बेलोरा, सेलूकाटे, तळोधी, घोट, नवेगावबांध या गावांची नावे त्यांच्या जिल्ह्याबाहेरचे लोक घेतात ती बहुधा तिथल्या नवोदयमुळे. शेतमजुराचे पोर सहावीपासून बारावीपर्यंत राहून, खाऊन-पिऊन, जवळजवळ फुकट शिकते आणि पुढे इंजिनिअर किंवा डॉक्टर होऊन गावी येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच या परीक्षेला नुसते ‘स्पर्धेचे खूळ’ म्हणून झटकून टाकणाऱ्या शहरी विद्वानांशी माझे पटत नाही. ज्यांच्या मुलांना दहा वाटा मोकळ्या असतात त्यांनी अकराव्या वाटेची टिंगल करणे सोपे असते.

नियमही विचार करून केलेले आहेत, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक नवोदयमध्ये सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात. त्यातल्या निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या जागा जिल्ह्यातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, पण अनुक्रमे १५ आणि साडेसात टक्क्यांहून कमी नाहीत. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे, आणि तेही आकृत्यांचे. कोणती आकृती वेगळी, आरशात ती कशी दिसेल, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असे. उरलेले अंकगणित आणि भाषा. पाठांतराने गाजणाऱ्या मुलापेक्षा विचार करणारे मूल पुढे यावे, ही त्यामागची इच्छा स्पष्ट दिसते.

पण आकृतीला शब्द लागत नाहीत म्हणून ती सर्वांना सारखीच ओळखीची असते असे नाही. तालुक्याच्या गावी आता ‘नवोदय-शिष्यवृत्ती विशेष वर्ग’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. काही ठिकाणी मुलांना चौथीपासूनच वसतिगृहात ठेवून दिवसभर हाच सराव करून घेतात. त्या वर्गातल्या मुलाने घडीच्या कागदाचा प्रश्न परीक्षेपूर्वी शेकडो वेळा सोडवलेला असतो आणि उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करण्याचा वेगही त्याच्या हाताला बसलेला असतो. माझ्या वर्गातल्या मुलाला मी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स देते. आकृत्यांमधल्या बारीक रेषा झेरॉक्समध्ये पुसट होतात, आणि मग आधी ती रेषा आहे की डाग, हे आम्हांला मिळून ठरवावे लागते. शिवाय ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते. त्या दिवशी ताप आला, गाडी चुकली, केंद्रावर पोचताना रडू आले, तर पुन्हा संधी नाही. सरावाची मुले अशा दिवशीसुद्धा निभावून नेतात. कोवळ्या वयात एकाच सकाळी सगळे पणाला लावायचे, तर ती सकाळ निदान सर्वांना सारखी अनोळखी हवी होती.

ग्रामीण आरक्षणाचेही असेच झाले आहे. नियम असा, की तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेले मूल ग्रामीण धरायचे. कागदावर यात खोट काढता येणार नाही. पण तालुक्याचे गाव वाढत वाढत शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत शिरते, तिथे जमीन स्वस्त मिळते म्हणून पिवळ्या बसेसच्या इंग्रजी शाळा उभ्या राहतात, आणि त्या शाळांत व्यापाऱ्यांची, नोकरदारांची आणि, खरे सांगायचे तर, आम्हां शिक्षकांचीही मुले जातात. ती सगळी नियमाने ग्रामीण. पैनगंगेच्या काठच्या तांड्यावरचे मूल आणि ही मुले एकाच ७५ टक्क्यांत मोजली जातात. यात कोणी खोटे बोललेले नसते, कोणी खोटा दाखला आणलेला नसतो. म्हणूनच याची तक्रारही कुठे करता येत नाही.

तरीही माझ्या लेखी ही सगळी दुय्यम बाब आहे. सराव कमी पडला म्हणून मागे राहिलेले मूल निदान मोजले तरी जाते. जे परीक्षेला बसलेच नाही, ते नापासांच्या यादीतही नसते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, एक कोलाम मुलगी येत असे. घरी कोलामी बोलणारी, शाळेत पहिली दोन वर्षे जवळजवळ गप्प राहिलेली. तिसरीत ती बोलू लागली तेव्हा कळले, की आईने, मावशीने आणि आजीने दिवसभरात वेचलेल्या कापसाचा हिशोब संध्याकाळी काट्यावर तीच करते. किलोमागे मजुरीचा भाव, आधी घेतलेली उचल, त्यातून वजा, उरले ते तिघींत वाटून. हे सगळे तोंडी, आणि मालकाचा मुनीम चुकला तर त्याला अडवूनसुद्धा. वर्गात मी अपूर्णांक शिकवले तेव्हा तिला नवे असे फक्त ते लिहिण्याची पद्धत होती. पोटात असलेली समज आणि कागदावरची खूण यांची गाठ पडताना पाहणे, हे शिक्षकाच्या नोकरीतले खरे सुख आहे. पगारवाढीच्या आनंदापेक्षा ते बरेच जास्त टिकते.

आमची शाळा चौथीपर्यंतच. या भागात अशा शाळा अनेक आहेत. चौथी झाली की मूल दोन-तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावातल्या शाळेत पाचवीला जाते. नवोदयचा फॉर्म भरायचा असतो नेमका पाचवीच्या सुरुवातीच्या महिन्यांत. म्हणजे ज्या शिक्षकाने मुलाला चार वर्षे पाहिले, त्याच्या हाती फॉर्म नसतो. आणि ज्याच्या हाती फॉर्म असतो, त्याला मुलाचे नावही अजून नीट पाठ झालेले नसते. नव्या शाळेत मागच्या बाकावर बसणारी, मराठी अडखळत बोलणारी मुलगी अवघ्या दोन महिन्यांत ‘हुशार’ म्हणून कोणाच्या नजरेत भरणार? तिथल्या गुरुजींनी वर्गात विचारले, कोणाकोणाला फॉर्म भरायचा आहे, आणि ज्यांच्या घरी हे नाव आधीच माहीत होते त्यांनी हात वर केले. तिने केला नाही. त्या गुरुजींनी काही वाईट केले असे मी म्हणणार नाही. विचारणे हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी केले.

ती माझ्याच शाळेत असती तरी सगळे सुरळीत झाले असते, असाही माझा दावा नाही. फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र, फोटो, मुलाची आणि पालकाची सही. आधारवरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळत नाही, जन्मतारखेत घोळ असतो, मग सेतू केंद्राच्या चकरा. एका चकरेत आईची एका दिवसाची मजुरी बुडते. निवड झाली तर जातीचा दाखला लागणार, आणि पोडावर जुन्या नोंदी शोधणे म्हणजे काय ते ज्याने केले त्यालाच माहीत. एवढे सगळे जुळवून आणले तरी शेवटी आई विचारते, “मॅडम, तुमी म्हनता त भरा फारम, पन माही पोरगी तिकडं येकटी राहीन का जी? अन् हिशोबाले मंग कोन?” या प्रश्नाला नियमपुस्तिकेत उत्तर नाही. त्यासाठी पोडावर जाऊन, ओट्यावर बसून, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा बोलावे लागते, आणि ज्या मुलांच्या घरी कोणी असे जाऊन बसत नाही, त्यांचा फॉर्म भरला जात नाही.

हा केवळ आमच्या भागाचा अनुभव असता तर मी त्यावर एवढे लिहिले नसते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड काउंटी नावाचा फार मोठा शाळा-जिल्हा आहे. तिथे प्रज्ञावान मुलांच्या विशेष वर्गांसाठी आधी शिक्षक किंवा पालक मुलाचे नाव सुचवत, आणि मग त्या मुलाची बुद्धिमापन चाचणी होई. साहजिकच नावे सुचवली जात ती बहुतेक सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांची. २००५ पासून तिथे दुसरीतल्या प्रत्येक मुलाला एक छोटी, शब्दांवर न बेतलेली चाचणी देण्यात येऊ लागली, आणि तीत चमकलेल्या मुलांना पुढच्या चाचणीला पाठवले गेले. निवडीची पातळी आधीचीच ठेवली होती, या बदलासाठी ती खाली आणली नव्हती. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी या बदलाचा अभ्यास केला. यांपैकी कार्ड यांना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या दोघांना असे आढळले, की वंचित घरांतल्या मुलांपैकी या वर्गांसाठी निवडल्या जाणाऱ्यांचे प्रमाण १८० टक्क्यांनी वाढले, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाले. पुढे पैशांची ओढाताण झाली, ही सरसकट चाचणी गुंडाळली गेली आणि प्रमाण पुन्हा घसरले. आधीही ती मुले आपापल्या नेहमीच्या वर्गांत बसतच होती, त्यांना कोणी विचारले नव्हते, इतकेच.

घरचेच बियाणे पेरण्याच्या काळात माझे आजोबा ज्वारीची कणसे निवडायला निघत तेव्हा सगळे वावर पायाखाली घालत. गाडरस्त्याला लागून जी दिसली ती कापून आणली, असे त्यांनी कधी केले नाही. आपल्या निवडीच्या योजना मात्र गाडरस्ता सोडायला तयार नाहीत.

राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेविषयी थोडे. १९५४-५५ पासून चालत आलेल्या या परीक्षेने खेड्यातल्या शिक्षकाला एक ओळख दिली. ‘त्यांची मुले स्कॉलरशिपला लागतात’ असे गुरुजींविषयी सांगितले जाई. ती पूर्वी चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला नेली गेली, आणि आमच्यासारख्या चौथीपर्यंतच्या शाळा त्या चित्रातून एका फटक्यात बाहेर पडल्या. आता ती पुन्हा चौथी-सातवीकडे आणण्याचा निर्णय झाला आहे, त्याचे मला मनापासून बरे वाटते. आठवीतली एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना शिष्यवृत्ती देणारी परीक्षाही चांगली. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे आणि मूल शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतले हवे, या दोन अटींमुळे पिवळ्या बसची मुले तिथे आपोआप बाजूला राहतात, आणि वर्षाला १२ हजार रुपये मिळतात म्हणून आठवीनंतर मुलीची शाळा सोडवण्याचा विचार निदान लांबणीवर पडतो. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा तर २०२१ पासून स्थगितच आहे. आमच्याकडून त्या परीक्षेपर्यंत क्वचितच कोणी पोचत असे, तरी वरच्या वर्गातल्या मुलांना सांगायला ते एक नाव होते.

शोधायचे ठरवले की सापडते, याचा आपल्याच विदर्भातला दाखला मला नेहमी आठवतो. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमध्ये शिकणारी पाच आदिवासी मुले एव्हरेस्टच्या शिखरावर पोचली. ‘मिशन शौर्य’ असे त्या उपक्रमाचे नाव होते. गिर्यारोहणाचा फॉर्म भरायला यांच्यापैकी कोणाचे आईवडील सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहिले नव्हते. शासकीय यंत्रणाच आश्रमशाळांत गेली, मुलांना पाहिले, निवडले, शिकवले. डोंगर चढण्याच्या बाबतीत जे करता येते ते गणिताच्या बाबतीत का करता येऊ नये, हे मला कळत नाही. हां, गणितात सापडलेल्या मुलाचा फोटो शिखरावर झेंड्यासकट निघत नाही, एवढा फरक असेल.

या विषयावर आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत नेहमी वाद होतो. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, “मॅडम, हुशार पोट्टे नवोदयला पाठवले की आपल्या शाळेत राह्यते कोन?” त्यांच्या बोलण्यात केवळ आळस नाही, हेही समजून घ्यायला हवे. शाळेला किती शिक्षक मंजूर, ही संचमान्यता मुलांच्या पटावर ठरते. लहान गावात चार मुले गेली की एका शिक्षकाचे पद धोक्यात येते, आणि पद गेले की उरलेल्या मुलांसाठी एकाच मास्तरवर चारही वर्ग. व्यवस्थेनेच शिक्षकाला अशा जागी उभे केले आहे, की मुलाचे भले आणि शाळेचे भले एकमेकांविरुद्ध जावे. चांगले मूल बाहेर जाऊ नये म्हणून त्याला फॉर्मविषयी न सांगणारे मुख्याध्यापक मी पाहिले आहेत, आणि त्यांना खलनायक ठरवणे मला जमत नाही. त्यांचे चूक आहे एवढे मात्र नक्की.

मला जास्त अस्वस्थ करतो तो दुसरा मुद्दा जागांचा आहे. अख्ख्या जिल्ह्यातून ८०. ब्रॉवर्डसारखी सगळ्यांची चाचणी उद्या झाली, तरी जागा ८०च राहणार. कोणाच्या जागी कोण, एवढेच बदलेल. तेही न्यायाचे आहे आणि व्हायला हवे. पण एक्क्याऐंशीव्या मुलाची भूक तेवढीच असते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला, तिथे अशा मुलांसाठी शाळा उभी राहिली. आमच्या तालुक्यात तसे काही नाही, आणि नुसती वाट पाहून ते येणारही नाही. इथे ते व्हायचे तर याच वर्गात, याच दोन शिक्षकांच्या शाळेत व्हावे लागेल. बहुवर्ग अध्यापनाला आम्ही सगळेच नावे ठेवतो, पण त्याचा एक फायदा मी अनुभवला आहे. दुसरीतले चुणचुणीत मूल चौथीच्या गणिताला कान लावून बसते आणि त्याला कोणी हाकलत नाही. नवोदयच्या आकृत्या मी निवडक चौघांना न देता सगळ्या वर्गाला देते. आठवड्यातून एकदा, फळ्यावर मोठ्या काढून. त्यात कधी कधी अभ्यासात मागे असलेले मूल सर्वांच्या आधी उत्तर सांगते, आणि त्या दिवसापासून वर्गातले त्याचे स्थान बदलते. त्यासाठी कुठला निधी लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो ऑनलाइन माहित्या भरण्यात जातो.

सगळ्यांची चाचणी घ्यायला पैसा कुठून आणणार, असे विचारले जाते. पण ती यंत्रणा आपल्याकडे आजच चालू आहे. नियतकालिक मूल्यांकन चाचणी, जिला आम्ही सगळे पॅट म्हणतो, तिच्या छापील प्रश्नपत्रिका राज्यभर पोडावरच्या, तांड्यावरच्या शाळांपर्यंत येतात, भाषा आणि गणिताचे गुण मुलागणिक पोर्टलवर चढवले जातात. त्या गुणांचे पुढे काय होते? अप्रगत किती, याचा तक्ता निघतो, त्यावर बैठका होतात, आम्हांला जाब विचारला जातो. वरच्या टोकाला कोण आहे, याचा तक्ता मी आजवर पाहिलेला नाही. चौथीच्या अखेरीस केंद्रातल्या प्रत्येक शाळेतून गणितात पुढे असलेल्या मुलांची यादी निघावी, ती पाचवीच्या नव्या शाळेकडे जून महिन्यातच जावी, आणि यादीतल्या ज्या मुलाचा फॉर्म भरला गेला नाही त्याचे कारण लेखी नोंदवावे. मला हवे आहे ते इतकेच. आज फॉर्म भरण्यासाठी पालकाला धडपडावे लागते. न भरण्यासाठी कोणाला तरी कारण द्यावे लागले, तर बरेच काही हलेल. परीक्षेचे माध्यम मराठी मिळते, कोलामी, गोंडी किंवा कोरकू मिळत नाही, हा प्रश्न त्यानंतरही उरेल, आणि निम्मा पेपर आकृत्यांचा आहे म्हणून तो थोडा सौम्य होतो इतकेच.

मागच्या शिक्षण परिषदेत मी हे मांडले तेव्हा केंद्रप्रमुख म्हणाले, आदेश नाही, पण तुम्ही आपापसांत यादी करत असाल तर माझी ना नाही. त्यामुळे आमच्या केंद्रातल्या चौथीपर्यंतच्या काही शाळांनी यंदा ती हाताने केली आहे. मुलाचे नाव, आईचे नाव, फोन कोणाच्या घरी आहे, आधारवरचे नाव जुळते की नाही, आणि घरी समजवायला कोणी जायचे. शेवटच्या रकान्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. पोडांपुढे माझे आणि अंगणवाडीताईंचे नाव लागले आहे, तांड्याचे काम बंजारा बोलणाऱ्या एका तरुण गुरुजींनी स्वतःहून मागून घेतले, आणि नदीपलीकडच्या दोन वस्त्यांपुढचा रकाना अजून मोकळा आहे, कारण पूर आला की तिकडे जायला रस्ता नाही आणि फॉर्मची मुदत पावसाळ्यातच संपते.